फेस ते मर्झूगा गाडीने : मोरोक्कोतली जुनी शहरं, अ‍ॅटलसचे डोंगर आणि वाळवंट

असगोली_बाग
नमस्कार मंडळी. मोरोक्कोहून आल्यापासून फोनवर तेच तेच प्रश्न येतायत, गाडी स्वतः चालवली का, सेफ आहे का, वाळवंटात किती मुक्काम ठेवायचे, शाकाहारी माणसाचं काय होतं. म्हणून सगळं इथेच लिहून काढते, ज्यांना जायचंय त्यांनी खाली बिनधास्त विचारा.

आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि माझी नणंद. कासाब्लांकाला उतरून एअरपोर्टवरच भाड्याची गाडी घेतली. रबात, मेक्नेस, फेस, मग डोंगर ओलांडून मर्झूगाची वाळू, तिथून तिंघीर, दादेस, वारझाझात, माराकेश आणि शेवटी एसाविराचा समुद्र असा मोठा वळसा मारला.

एक गोष्ट आधीच ठासून सांगते. बहुतेक टूरवाले माराकेशहून तीन दिवसांत वाळवंट दाखवून परत आणतात. माराकेश ते मर्झूगा साडेपाचशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे, म्हणजे जाताना एक अख्खा दिवस गाडीत, येताना तेच, आणि मधे उंटावरचा फोटो. असं करू नका. फेसकडून निघा, डोंगर चढा, उतरा, आणि वाटेतलं पाणी बघत बघत वाळूपर्यंत पोचा. मी बागायतीतली बाई, माझं लक्ष पाण्याकडेच जाणार हे खरं, पण त्या देशातली शहरं, डोंगर आणि वाळवंट एकमेकांना कशानं बांधलेत हे या एकाच रस्त्यावर दिसतं.

आधी शहरांचं थोडक्यात. कासाब्लांकात हसन दुसरा मशीद बघा, 1993 मध्ये पुरी झाली, अर्धी समुद्रावर आहे, मिनार दोनशे मीटरच्या वर. मुस्लिमेतर लोकांना गाइडबरोबर आत जाता येतं. रबातला हसन टॉवर म्हणजे अर्धवट राहिलेला मिनार, 1199 मध्ये सुलतान वारला आणि काम थांबलं ते थांबलंच. मेक्नेसजवळ वोलुबिलिस नावाचं रोमन शहर आहे, उघड्या शेतात खांब उभे, जमिनीवर मोझेकची चित्रं अजून जागच्या जागी. 1755 चा लिस्बनचा भूकंप इथपर्यंत जाणवला होता, त्यात यातलं बरंचसं पडलं.

फेसला मात्र घाई करू नका. जुन्या शहरात गाडी जातच नाही, वेशीबाहेर पार्किंगला लावायची आणि पायी आत शिरायचं. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून लादलेलं गाढव आलं की भिंतीला चिकटून उभं राहायचं, मागून "बालाक, बालाक" ओरडत हमाल येतात, म्हणजे बाजूला व्हा. अल-करावियीनची मशीद आणि विद्यापीठ 859 सालचं, फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईनं ते उभारलं असं परंपरा सांगते. मशिदीत आपल्याला प्रवेश नाही, दारातून अंगण दिसतं तेवढं बघायचं. पण बू इनानिया मदरशात जाता येतं, तिथलं लाकडावरचं, गिलाव्यावरचं आणि टाइल्सचं काम बघून नणंद तर बराच वेळ नुसती अंगणात उभी होती.

चामड्याच्या कुंडांचा वास येतो, खूप येतो. कातडी चुन्याच्या आणि कबुतराच्या विष्ठेच्या पाण्यात भिजवतात, त्या विष्ठेतल्या अमोनियानं कातडं मऊ पडतं, मग माणसं कमरेएवढ्या रंगात उतरून पायांनी तुडवतात. वरच्या दुकानदाराने हातात पुदिन्याची काडी दिली ती नाकाशी धरून बघितलं. हे काम शेकडो वर्षं याच जागी चाललंय कारण तिथे नदी आहे. फेस नदीचं पाणी पाट काढून मशिदी, हमामखाने, घरं, चामड्याची कुंडं सगळीकडे फिरवलेलं होतं, गल्लीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर टाइल्स लावलेले नळ अजून आहेत. ते पाणी मिडल अ‍ॅटलसच्या पायथ्याचं. त्यामुळे फेसहून डोंगराकडे निघालो तेव्हा मला तरी आपण त्या शहराच्या उगमाकडे चाललोय असंच वाटत होतं.

डोंगराचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, आत्ता माणसं आलीयत सुपारी सोलायला.

वाशिष्ठी77
ताई वाचतोय, पुढचं लवकर टाका. गाडीबद्दल आधी सांगा, स्टिअरिंग डावीकडे आणि उजव्या बाजूने चालवायचं, घाटात कसं जमलं? मी रोज कुंभार्ली चढउतार करणारा माणूस आहे पण उलट्या बाजूने घाट म्हटल्यावर पोटात गोळा येतो.

असगोली_बाग
दादा, तुम्ही कुंभार्ली करता म्हणजे तुम्हाला काहीच कठीण नाही. पहिल्या दिवशी शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर हात बसवायचा, कासाब्लांकाच्या ट्रॅफिकमध्ये लगेच घुसायचं नाही. राउंडअबाउटला डोकं शांत ठेवा. घाटात रस्ते चांगले आहेत, डांबर गुळगुळीत, पण काही ठिकाणी कठडा नाही.

इंटरनॅशनल परमिट इथून काढून न्या. शहरात 60, बाहेर 100, टोलच्या हायवेवर 120 अशी साधारण मर्यादा, पण पाटीवर जे असेल तेच खरं, गावागावात कमी असते. पोलीस आणि जांदार्म (शहराबाहेरचे पोलीस) जागोजाग उभे असतात, रस्त्यात थांबा अशी पाटी लावलेली असते, तिथे वेग अगदी कमी करून हात दाखवेपर्यंत थांबायचं. स्टॉपच्या पाटीवर चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, नुसतं हळू केलं तर दंड. आणि अंधार पडल्यावर गावाबाहेर चालवूच नका, बिनलाइटच्या सायकली, गाढवं, मेंढरं रस्त्यावर असतात.

हायवेवर कोणी गाडी बिघडली म्हणून हात केला आणि चिठ्ठी पोचवा म्हणाला तर सावध राहा, ती चिठ्ठी बऱ्याचदा गालिच्याच्या दुकानापर्यंत नेते. बाकी लोक फार चांगले. वाट चुकल्यावर एका म्हाताऱ्या आजोबांनी काठी टेकत टेकत आम्हाला कोपऱ्यापर्यंत आणून सोडलं, पैसे द्यायला गेलो तर रागावले.

असगोली_बाग
आता डोंगर. फेसहून साठेक किलोमीटरवर इफ्रान लागतं, फ्रेंचांनी थंड हवेसाठी वसवलेलं गाव, उतरती कौलं, बागा, बर्फ पडतो. आफ्रिका खंडात नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान इथलंच, उणे 23.9 अंश, 1935 सालचं. पुढे अझ्रूच्या आसपास देवदाराचं जंगल आणि बार्बरी माकडं. ही जात संकटात आहे, गाड्या थांबवून लोक शेंगदाणे टाकतात ते बघून वाईट वाटलं. आपल्या घाटात वानरांना बिस्किटं टाकून जे झालंय तेच तिथे होतंय. खायला घालू नका, लांबून बघा.

आता नीट वाचा कारण मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच. फेसकडचं पाणी सेबू नदीतून अटलांटिकला जातं. मग तुम्ही झाद खिंड चढता, 2178 मीटर, आणि पलीकडे उतरलात की ते सगळं पाणी मुलुया नदीचं, ती भूमध्य समुद्राला मिळते. मिदेल्त नावाचं सफरचंदांचं गाव त्याच खोऱ्यात आहे. मग परत एक खिंड, तालघेम्त, 1907 मीटर, ती ओलांडली की पाणी झीझ नदीचं आणि झीझ कुठल्याच समुद्राला मिळत नाही, ती दक्षिणेला जाते आणि वाळवंटात जिरून जाते. एका दिवसाच्या ड्रायव्हिंगमध्ये तीन पाणलोट! आणि प्रत्येक खिंडीनंतर रंग बदलतो, देवदाराचा हिरवा, मग पिवळं उघडं पठार, मग लाल कातळ.

वाशिष्ठी77
हे भारी आहे. आमच्याकडे कोयनेचं पाणी खरं तर कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जायचं, पण वीज करून झाल्यावर बोगद्यातून इकडे वाशिष्ठीत सोडतात, त्यामुळे पाणलोट म्हटलं की चिपळूणच्या माणसाला लगेच कळतं. झीझवर धरण आहे का? 2021 च्या जुलैत गावात पाणी शिरलेलं बघितल्यापासून कुठेही नदी म्हटली की मी हेच विचारतो.

असगोली_बाग
आहे ना. अर्राशिदियाच्या वर हसन अद्दाखिल धरण, 1965 साली झीझला मोठा पूर आला आणि गावंच्या गावं गेली, त्यानंतर 1971 मध्ये बांधलं. रस्ता धरणाच्या निळ्या पाण्याच्या कडेनेच जातो. त्याच्या आधी एक छोटा बोगदा लागतो, फ्रेंच फौजेच्या परदेशी तुकडीने खोदलेला. धरणामुळे पूर आवरला पण खालच्या खजुराच्या बागांना पूर्वी पुराचं पाणी आणि गाळ आपोआप मिळायचा तो कमी झाला, आता ठरावीक वेळी पाणी सोडतात. तिथल्या एका शेतकऱ्याने हातवारे करून, मोडक्या फ्रेंचमध्ये हे सगळं सांगितलं. नणंदेला कॉलेजात फ्रेंच होतं त्याचा एवढा उपयोग झाला!

फिरस्ता_रत्नागिरी
लेख छान पण एक मुद्दा पटला नाही. सगळ्यांना गाडी चालवणं जमत नाही. माझे आईवडील सत्तरीचे, त्यांना घेऊन दोन खिंडी ओलांडून फेस ते मर्झूगा साडेचारशे किलोमीटर एका दिवसात? त्यापेक्षा माराकेशला राहून जवळचं दगडी वाळवंट बघून यावं. शिवाय ट्रेन उत्तम आहेत तिकडे, तान्जिएरहून कासाब्लांकाला 2018 पासून हायस्पीड ट्रेन आहे, केनित्रापर्यंत ताशी 320 किमी, पुढे कमी. आणि फेसहून मर्झूगाला रात्रीची बसही जाते असं वाचलं.

असगोली_बाग
दादा, आईवडिलांबरोबर एका दिवसात मुळीच करू नका, मिदेल्तला मुक्काम करा, चांगली हॉटेलं आहेत, सकाळी अय्याची पर्वताचा बर्फ दिसतो. ड्रायव्हरसकट गाडी मिळते, आमच्या रियादच्या (जुन्या चौसोपी घरातलं हॉटेल) मालकाने दोन कुटुंबांना तशी करून दिली, आणि मी म्हणेन ज्येष्ठांबरोबर तेच करा. शहरांमधे ट्रेनला माझाही पाठिंबा. पण रात्रीची बस नको. ज्या रस्त्यासाठी जायचं तोच झोपेत निघून जाणार.

हर्णैचा_दर्या
एसाविराबद्दल लिहिलंत तर फार बरं होईल. आमचा बोटींचा धंदा, तिथला मासळी बाजार कसा आहे?

असगोली_बाग
लिहिते दादा, आधी वाळवंटात पोचू दे.

अर्राशिदियाच्या खाली झीझची दरी. रस्ता वर पठारावर, आजूबाजूला नुसता दगड, आणि एका वळणावर खाली बघितलं की हिरवी नदी दिसते, पण ते पाणी नाही, ती खजुराची लाखो झाडं. गाडी बाजूला लावून तिथे खाली उतरून बागेत जा, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. आम्ही गुहागरकडे नारळाखाली सुपारी, सुपारीखाली जायफळ-मिरी लावतो, तिथे वर खजूर, मधे डाळिंब-अंजीर-ऑलिव्ह, खाली लसूणघास आणि भाजी. वरच्या सावलीशिवाय खालचं काहीच टिकणार नाही, ऊनच तसं. खजुरात नर झाड वेगळं, मादी वेगळं, त्यामुळे वसंतात माणूस झाडावर चढून नराचा तुरा मादीच्या फुलोऱ्यात बांधतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परत चढून घड उतरवतो.

आपण दुकानातून मेजूल म्हणून महाग खजूर आणतो ना, तो मूळचा या तफिलाल्त भागातला. बायूद नावाचा बुरशीचा रोग पसरला आणि मोरोक्कोतली लाखो झाडं मेली, तेव्हा 1927 मध्ये बूदनिब गावातून अकरा फुटवे अमेरिकेला नेले, तिकडच्या मेजूलच्या बागा त्यातूनच वाढल्या. आम्ही निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनच्या नातेवाइकांच्या आडव्या झालेल्या बागा बघितल्यात, त्यामुळे झाडं गेली की घराचं काय होतं ते मला कुणी सांगायला नको. रोगाला दाद न देणारी रोपं तयार करून तिथे परत लागवड चाललीय, ती बघून फार बरं वाटलं.

एर्फूदहून तिंघीरकडे जाताना रस्त्याच्या कडेला मातीचे गोल उंचवटे एका रांगेत दिसतात. त्या खेत्तारा. डोंगराच्या पायथ्याशी जिथे जमिनीत पाणी आहे तिथून बागेपर्यंत हलक्या उताराचा बोगदा खणायचा, गाळ काढायला मधे मधे विहिरीसारखी भोकं ठेवायची. पाणी आपोआप वाहत येतं, पंप नाही, वीज नाही, ऊन लागत नाही म्हणून वाफ होत नाही. मग कुणाला किती तास पाणी ते गाव ठरवतं. आपल्याकडे औरंगाबादला मलिक अंबरने 17व्या शतकाच्या सुरुवातीला केलेली नहर-ए-अंबरी याच कुळातली.

आता बऱ्याच खेत्तारा कोरड्या पडल्यात कारण खोल विहिरी आणि मोटरपंप आले, भूजल खाली गेलं. ज्याची खेत्तारा आटली त्याचं नुकसान आणि ज्याने पंप बसवला तो वेगळाच. तिकडे वर्षाला जेमतेम 100 मिमीच्या आसपास पाऊस. आपल्या कोकणात 3000 मिमी पडतो आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकर येतो. त्या उंचवट्यांवर उभी राहिले तेव्हा मला याचाच राग येत होता, की एवढ्याशा पाण्याचा लोकांनी शेकडो वर्षं हिशोब ठेवला आणि आपण आपले पाट आणि विहिरी बुजवतोय.

चिरेखाण
ताई, शेवटचा पॅरा वाचून अंगावर आलं. आमच्या गावातला पाट आता फक्त नकाशात आहे.

माझा प्रश्न बांधकामाचा. फोटोत बघतो ती मातीची किल्ल्यासारखी घरं, अइत बेन हद्दू वगैरे, ती खरंच नुसत्या मातीची आहेत का? पावसात उभी कशी राहतात? आणि 2023 च्या भूकंपात काय झालं त्यांचं?

असगोली_बाग
दादा, पाया दगडाचा, वर दोन्ही बाजूंनी लाकडी फळ्या लावून मधे ओलसर माती ओतायची आणि ठोकून ठोकून घट्ट करायची, एक थर सुकला की फळ्या वर सरकवायच्या. वरचा नक्षीचा भाग कच्च्या विटांचा. माती आणि भुशाचा गिलावा दर काही वर्षांनी परत करावा लागतो. माणूस राहतोय तोवर घर टिकतं, सोडून गेला की पावसाने काही वर्षांतच ते परत मातीचा ढीग होतं, रस्त्यात असे ढीग भरपूर दिसले. अइत बेन हद्दू 1987 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, बहुतेक कुटुंबं आता नदीपलीकडच्या नव्या गावात राहतात.

भूकंप 8 सप्टेंबर 2023 च्या रात्री झाला, 6.8 तीव्रतेचा, जवळजवळ तीन हजार माणसं गेली, सगळ्यात जास्त माराकेशच्या दक्षिणेच्या डोंगरातल्या खेड्यांत. तिन्मेलची बाराव्या शतकातली मशीदही कोसळली. माराकेशला उतरताना तिझी न तिश्का ही 2260 मीटरची खिंड आम्ही केली, त्या बाजूला काही ठिकाणी नवी घरं उठताना दिसली. त्या भागात जाल तेव्हा स्थानिकांच्या घरगुती गेस्टहाउसमध्ये राहा, पैसा थेट त्यांच्या हातात जातो.

चिरेखाण
माती भूकंपात वाईटच, एकदा भिंत फाटली की अख्खी खाली येते. पण उन्हाळ्यात आत गार राहत असणार. काँक्रीटची खोली तिकडे भट्टीच होईल. मधे लाकडी पट्टे टाकून भिंती बांधल्या तर दोन्ही साधतं, हिमालयात तशी जुनी घरं आहेत.

कर्ली_खाडी
लय बरा वाटला वाचून. माका एक विचारूचा हा, वाळवंटात रात्री ऱ्हवतत कशी, थंडी किती, आणि बाथरूमची सोय? बायको विचारता हा.

असगोली_बाग
वहिनींना सांगा काळजी करू नका, वाळूच्या कडेला असलेल्या बऱ्याच कँपमधे आता तंबूलाच जोडून बाथरूम असतं, गरम पाणीही येतं. पण बुक करताना विचारा की पाणी कुठून आणतात, टँकरचं असेल तर जपून वापरा. डिसेंबर-जानेवारीत रात्री तापमान शून्याजवळ जातं, स्वेटर आणि कानटोपी पाहिजेच. मे ते ऑगस्ट तर जाऊच नका.

एर्ग शब्बी म्हणजे मर्झूगाच्या टेकड्या, तीसेक किलोमीटरच्या आतलाच एक पट्टा आहे, उंची दीडशे मीटरपर्यंत. सहारा म्हटलं की सगळीकडे वाळू असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक सहारा दगडगोट्यांचा आहे आणि वाळू अशी कुठे कुठे साचलेली. उंट आम्ही घेतला नाही, पहाटे पायीच वर चढलो, दोन पावलं वर एक पाऊल खाली, पण वर बसून उजाडताना बघितलं. क्वाड बाइकचा आवाज मात्र डोक्यात जातो, दुपारनंतर टेकड्यांचा उत्तरेकडचा भाग टाळा. सप्टेंबर 2024 मधे तिथे इतका पाऊस झाला की वाळूच्या मधे तळी साचली होती. मे 2006 मधे तर पुराने मर्झूगातली घरं वाहून गेली होती, त्यामुळे कोरड्या नदीच्या पात्रात गाडी लावून झोपायचा विचारही करू नका.

जवळच खामलिया गाव आहे, तिथले लोक पूर्वी गुलाम म्हणून दक्षिणेकडून आणलेल्यांचे वंशज, ग्नावा संगीत वाजवतात, लोखंडी टाळ आणि तीन तारांचं वाद्य. जा, बसा, ऐका आणि पैसे द्या.

कुंडलिका_काठ
रिसानीबद्दल लिहिलं नाहीत का ताई? मर्झूगाच्या अलीकडचंच गाव ना ते?

असगोली_बाग
बरं आठवण केलीत, रिसानी चुकवू नका. मंगळवार, गुरुवार, रविवार बाजार भरतो, गाढवांचं वेगळं पार्किंग आहे तिथे! गावाबाहेर सिजिलमासाचे अवशेष, आता नुसत्या मातीच्या पडक्या भिंती. आठव्या शतकात वसलेलं हे शहर सोन्याच्या व्यापाराचं दार होतं, इथून मीठ आणि कापड घेऊन उंटांचे तांडे सहारा ओलांडायचे आणि सोनं घेऊन परत यायचे, आणि ते सोनं आम्ही आलो त्याच खिंडींमधून फेसला जायचं.

तान्जिएरचा इब्न बतूता 1351 मधे इथे आला, उंट विकत घेऊन त्यांना चार महिने चारा घातला आणि मग तांड्याबरोबर निघाला. तो ज्यांच्या घरी उतरला त्यांच्या भावाला तो आधी चीनमधे भेटला होता! पंचवीस दिवस चालून तघाझा या सहारातल्या मिठाच्या खाणींच्या गावी पोचला, तिथे घरं मिठाच्या विटांची आणि छप्पर उंटाच्या कातड्याचं. परत आल्यावर सुलतान अबू इनानच्या हुकमावरून त्याने फेसला सगळा प्रवास सांगून लिहवून घेतला. वर सांगितलेला बू इनानिया मदरसा त्याच सुलतानाचा.

कुंडलिका_काठ
आणि हाच इब्न बतूता दिल्लीहून निघाल्यावर दौलताबाद, नंदुरबार करत खंबायतच्या आखाताकडे गेला आणि तिथून जहाजाने गोवा आणि होन्नावरला. म्हणजे आपल्या अख्ख्या कोकण किनाऱ्यासमोरून गेलेला माणूस. मराठ्यांबद्दलही त्याने लिहून ठेवलंय.

दुसरं, मी रेवदंड्याचा, म्हणून सांगतो. कासाब्लांकाच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर एल जदिदा आहे, जुनं नाव माझगाव, हो माझगावच, पोर्तुगीज माझागाव म्हणायचे. 1514 मधे त्यांनी तिथे किल्ला बांधला आणि 1769 मधे सोडला. आमच्या रेवदंडा-कोर्लईवरही तेच लोक, 1740 पर्यंत. तिथल्या किल्ल्यात जमिनीखाली पाण्याची टाकी आहे, खांबांवर कमानी, वरून एका गोल झरोक्यातून उजेड येतो. ताईंना पाण्यात रस आहे तर ती बघायला हवी. बुरुजांचे कोन आणि समुद्राकडची दारं बघून आमच्या इथलं कोणीही ओळखेल की हे काम कुणाचं.

असगोली_बाग
कुंडलिका_काठ, आम्ही एसाविराहून साफीवरून किनाऱ्याकिनाऱ्याने वर येताना एल जदिदात थांबलो होतो, पण टाकी दुरुस्तीसाठी बंद होती. तटावरून चाललो मात्र भरपूर. ज्यांना जमेल त्यांनी परतीचा रस्ता किनाऱ्याचाच घ्या, साफीत कुंभारांची अख्खी टेकडी आहे.

हर्णैचा_दर्या, आता तुमचं एसाविरा. तटबंदी 1760 च्या दशकातली, सुलतान मोहम्मद बिन अब्दल्लाहने फ्रेंच इंजिनियरकडून आखून घेतलेलं गाव, म्हणून रस्ते सरळ. बंदरात निळ्या रंगाच्या छोट्या होड्या दाटीने लावलेल्या, धक्क्यावर लाकडी बोटी बांधायचं काम चालू, बायका-पुरुष जाळी विणत बसलेले. मासळी मुख्य म्हणजे तारली, ढिगाने. त्याशिवाय ईल, कटलफिश, कोळंबी, खेकडे. निवडून द्यायची आणि बाजूच्या टपरीवर कोळशावर भाजून घ्यायची, वर मीठ आणि लिंबू एवढंच. वारा इतका की केस सांभाळता येत नाहीत.

हर्णैचा_दर्या
तो वारा आहे म्हणूनच तारली आहे ताई. तिकडे वारा किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे वाहतो, वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं थंड, खाद्याने भरलेलं पाणी वर येतं. तिथल्या प्रवाहाला कॅनरी प्रवाह म्हणतात. पावसाळ्यात कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावर असंच होतं, म्हणून तारली-बांगडा तिकडे जास्त. मोरोक्कोची डबाबंद तारली जगभर जाते. पण जाळी बारीक केली आणि पिल्लं उचलली तर कुठलाही प्रवाह पुरणार नाही, ते आम्ही इथे बघतोच आहोत. बर्फ आणि डिझेलचं तिथल्या लोकांशी काही बोलणं झालं का?

असगोली_बाग
डिझेल महाग झाल्याचं तेही सांगत होते, आणि मासा लांब गेलाय हेही. भाषा आड आली, नाहीतर तुम्हाला अजून सांगितलं असतं.

वाशिष्ठी77
शाकाहाराचं राहिलं. आमच्या सौ. कडक शाकाहारी.

असगोली_बाग
उपाशी राहणार नाहीत. सकाळी मसेमेन, थरांची तव्यावरची पोळी, मध लावून. बिसारा म्हणजे वालासारख्या कडधान्याचं दाट सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरं. झालूक म्हणजे वांगं-टोमॅटोचं. शुक्रवारी सात भाज्यांचा कुसकुस. पण भाजीचं ताजीन (झाकणाच्या मातीच्या भांड्यात शिजवलेला रस्सा) मागताना मटणाच्या रश्शात शिजवलंय का ते विचाराच, आणि हरीरा सूपमधे बहुतेक वेळा मांस असतं. पुदिन्याचा चहा भरपूर गोड, साखर कमी हवी असेल तर आधी सांगा. दिरहम (तिथलं चलन) देशाबाहेर फारसे नेता येत नाहीत, युरो न्या आणि तिथे बदला. डोंगरात आणि वाळवंटात रोख लागते, मिदेल्त किंवा अर्राशिदियालाच पैसे काढून ठेवा, पेट्रोलही तिथेच भरा.

फिरस्ता_रत्नागिरी
ठरवतोय आता. मिदेल्त मुक्काम धरून, ड्रायव्हरसकट. ऑक्टोबर की मार्च?

असगोली_बाग
खजूर उतरवताना बघायचा असेल तर ऑक्टोबर, एर्फूदला तेव्हा खजुराचा उत्सवही असतो. मार्च-एप्रिलला डोंगरावर बर्फ आणि खाली बदामाचा-फळझाडांचा बहर, दादेसकडच्या गुलाबाच्या दरीत फुलं मात्र एप्रिलअखेर-मेमधे. हिवाळ्यात झाद खिंड बर्फाने बंद होऊ शकते, अझ्रूला फाटक लावून गाड्या थांबवतात, त्यामुळे आईवडील बरोबर असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारी नको. रमझान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकतो, तारखा बघून घ्या. त्या महिन्यात लहान गावात दुपारी जेवण मिळत नाही आणि देशाचं घड्याळही एक तास मागे घेतात, एअरपोर्टला जायच्या दिवशी तेवढं लक्षात ठेवा.